भांगलून पंधरा दिवस झाले नाहीत तोवर रान परत हिरवं? औषध आणायच्या आधी हे तपासा

मंडळी, पावसाळा लागला की मला सगळ्यात जास्त फोन याच एका गोष्टीसाठी येतात. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर हजेरी परवडत नाही, औषध मारलं तरी तण परत येतंय, तर आता काय मारू? कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल, पन्हाळा असं सगळीकडं लोकांची रानं बघत फिरल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, 'काय मारू' हे सगळ्यात शेवटी विचारायचं असतं. तण परत येतंय म्हणजे ते कुठूनतरी येतंय, आणि ती वाट सापडल्याशिवाय वर वर कितीबी कापलं तरी पैसा पाण्यात. आधी लक्षणं देतो, मग तपासण्या देतो, फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या नंतर. उदाहरणं उसाची जास्त आहेत कारण आपल्याकडं रान म्हणजे ऊसच, पण सोयाबीन-भुईमुगालाबी हेच लागू पडतंय.

लक्षणं, यातलं तुमच्याकडं कुठलं ते बघा

- भांगलून दहा-बारा दिवसात त्याच जागी त्याच तणाची टोकं वर आलेली दिसतात.
- रोटर (ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर) मारल्यावर तण कमी व्हायच्या ऐवजी कोपऱ्यातलं तण रानभर झालं.
- तणनाशकानं बाकीची तणं गेली, एकच जात राहिली आणि आता तीच सगळीकडं.
- तण बांधाकडनं, पाटाच्या तोंडाकडनं नाहीतर पाईपच्या व्हॉल्वपासनं आत आत सरकतंय.
- शेणखत विस्कटलं तेवढ्याच पट्ट्यात दाट उगवलंय.
- पुराचं पाणी येऊन गेलेल्या रानात कधी न बघितलेलं तण दिसतंय.
- पाणी भरपूर असून ऊस किंवा ज्वारी पिवळी, सुकल्यागत, आणि बुडात बारकी पांढरी-जांभळी फुलं. हे असलं तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाला जावा.

आधी खुरपं घ्या आणि एक झाड मुळासकट काढा

याला एक पैसा लागत नाही आणि निम्म्या भानगडी इथंच उलगडतात. उपटायचं नाही, उपटलं की वरची पात हातात येते आणि खरा माल खाली राहतो. वाफशावर रान असताना बाजूनं खुरपं घालून अर्धा फूट खोल मातीचं ढेकूळ उचला आणि हातानं हळू हळू माती झाडा.

देठ बोटांत धरून फिरवून बघा. तीन धारा लागल्या तर लव्हाळा. खाली काळपट गाठी दिसतील, शेंगदाण्याएवढ्या किंवा त्याहून बारक्या, आणि एका गाठीतनं दोऱ्यासारखी मुळी निघून दुसऱ्या गाठीला, तिथनं तिसऱ्या गाठीला गेलेली दिसेल. गाठ नखानं मोडली की आत पांढरी असते आणि वास येतो. देठ गोल असून पेरं असतील, पेरापेराला मुळ्या सुटल्या असतील तर हराळी. आणि नुसतं सोटमूळ किंवा तंतूमुळांचा झुपका निघाला, गाठ नाही कांडी नाही, तर ते बियांवरचं हंगामी तण, माठ, केना, घोळ, गाजरगवत वगैरे. (केना जरा वेगळा आहे, त्याच्या कांडीचा तुकडा ओल्या रानात पडला तर परत मूळ धरतो, म्हणून भांगलून सरीतच टाकायचा नाही.)

एवढं कशाला करायचं? कारण गाठी-कांड्यांवरच्या तणाचा आणि बियांवरच्या तणाचा इलाज एकमेकांच्या उलटा आहे. बियांवरच्या तणाला फूल यायच्या आत कापलं की विषय संपला. लव्हाळ्याला कापलं की खालची गाठ परत फुटते, आणि एका साखळीतल्या गाठी एकमेकींना दाबून ठेवतात, शेंड्याकडची फुटली की बाकीच्या झोपून राहतात. रोटरनं ती साखळी तुटली की प्रत्येक गाठ मोकळी होऊन स्वतंत्र फुटते. म्हणून 'रोटर मारला आणि लव्हाळा दुप्पट झाला' असं जे लोक सांगतात ते खरं आहे, भास नाही. लव्हाळ्याचं बी फार कमी उगवतं, त्याचा सगळा पसारा गाठींवर. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, थोड्या त्याच्याही खाली.

मग रानाला एक फेरी मारा, बांधाबांधानं

तण कुठं दाट आहे ते बघत चालायचं, जमलं तर कागदावर रानाचा चौकोन काढून खुणा करा. तण सगळीकडं सारखं असलं तर बियांचा किंवा गाठींचा साठा जमिनीतच आहे. एका बाजूनं दाट असलं तर बाहेरनं येतंय.

पाटाच्या तोंडाला दाट असलं तर पाण्याबरोबर बी येतंय. पाटाच्या दोन्ही कडांना काय वाढलंय ते वर चढून बघा. तोंडाला साधी जाळी किंवा पोत्याचा तुकडा बांधला तरी तरंगत येणारं बरंच बी अडकतं, फक्त दर पाळीला झाडून काढायला लागतं. व्हॉल्वजवळ, गळक्या पाईपजवळ लव्हाळा दाट असला तर आधी गळती काढा. लव्हाळ्याला ओल आवडते, तिथली माती कधी सुकतच नसेल तर तुम्ही कितीबी भांगला, त्याला काय फरक पडत नाही. सरीच्या खालच्या टोकाला पाणी तुंबत असलं तर तिथंबी हीच गोष्ट.

बांधावर गाजरगवत असलं तर ते तुमच्या रानात येणारच. एक झाड १५ ते २५ हजार बी टाकतं, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलाला येतं, आणि बी वाऱ्यानं, पाण्यानं, ट्रॅक्टरच्या टायरला लागून जातं. १९५५ च्या सुमाराला पुण्यात याची नोंद झाली आणि आता देशात असा रस्ता नाही जिथं ते नाही. फुलायच्या आत उपटायचं, पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असताना, हातात मोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. ज्यांना अंगाला खाज सुटते किंवा दमा आहे त्यांनी हे काम करूच नये.

इथं एक कळकळीची विनंती. बांध तासून, जाळून, औषध मारून उघडाबोडका करू नका. मोकळ्या मातीवर पहिलं येणारं तण म्हणजे गाजरगवतच. तिथं गवत ठेवा, वैरणीला दोन-तीन कापण्या घ्या, नुसतं बी धरायच्या आत कापा. टाकळ्याचं बी एप्रिल-मेमध्ये बांधावर, रस्त्याकडंला विस्कटलं तर पावसात तो दाट उगवून गाजरगवताला जागाच ठेवत नाही, कोवळा असताना भाजीलाबी येतो. आणि पावसाळ्यात गाजरगवताच्या पानांवर मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले बारके भुंगेरे दिसले तर त्यांच्यावर कीटकनाशक मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे, गाजरगवत खाण्यासाठीच १९८४ पासून आपल्या देशात सोडलेत. एकट्यानं ते सगळं गवत संपवत नाहीत, पण जून ते सप्टेंबर पानांची चाळण करतात आणि फुलं कमी होतात. बऱ्याच जणांना मी ऐन वेळी पंप खाली ठेवायला लावलाय.

बांधावर गवत राहिलं की मुंग्या, रातकिडे, जमिनीवरचे भुंगेरे, चिमण्या-होले टिकतात, आणि ही सगळी तणाचं बी खातात. त्यासाठी बी जमिनीच्या वरच पडलेलं पाहिजे. कापणी झाली की लगेच रोटर मारला तर बी मातीत सुरक्षित जातं, थोडे दिवस थांबलं तर फुकटचे मजूर कामाला लागतात. पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलं की हे सगळे जीव जळतात, आणि जमीन उजेडाला उघडी पडते ती वेगळीच.

शेणखताची परीक्षा घ्या

जुना पत्र्याचा डबा किंवा पाटी घ्या, त्यात दोन ओंजळी खत पसरा, खाली चाळलेली वाळू घातली तर अजून बरं, रोज पाणी शिंपडा आणि दोन-तीन आठवडे बघा काय उगवतंय. शेजारी दुसऱ्या पाटीत तुमच्या रानातली वरची माती घाला. खताच्या पाटीत दाट उगवलं तर तुमचं तण उकिरड्यातनं येतंय हे घरबसल्या कळलं.

आपल्याकडं म्हसरांना बांधावरचं गवत जातं, त्यातलं बरंचसं बी पोटातनं जिवंत बाहेर पडतं. खत नुसतं साठून जुनं झालं म्हणजे कुजलं असं नाही. ढिगाच्या आत ५५ ते ६० अंशापर्यंत उष्णता काही दिवस टिकली तर बहुतेक बी मरतं, आणि वरचं-कडेचं बी आत जायला ढीग दोन-तीन वेळा उलथायला लागतो. आत लोखंडी सळी घालून ठेवा, थोड्या वेळानं काढून हात लावा, हात ठेवता येत नसेल इतकी तापली असली तर काम चाललंय. विकत शेणखत घेताना तर ही पाटीची परीक्षा केल्याशिवाय ट्रॉली खाली करून घेऊ नका.

भाड्याचा ट्रॅक्टर रानात घुसायच्या आत

हे लोकांना पटत नाही पण लव्हाळा एका गावातनं दुसऱ्या गावात जातो तो बहुतेक रोटरच्या पात्यांना चिकटलेल्या मातीतनं. मागच्या शेतात लव्हाळा होता का ते ड्रायव्हरला विचारा, पाती आणि टायर बांधावरच झाडून घ्या, जमलं तर पाण्यानं धुवा. तुमच्याच रानात लव्हाळ्याचा एक तुकडा असला तर तो सगळ्यात शेवटी नांगरायचा. रोपवाटिकेतनं पिशवीतली रोपं आणली तर पिशवीची मातीबी बघा, एक गाठ पुरे होते.

उजेड कुठनं मिळतोय

आता इथनं थोडा खर्च आणि कष्ट. लव्हाळा, हराळी, गाजरगवत, सगळ्यांना ऊन पाहिजे. सावलीत लव्हाळा जगतो पण गाठी फार धरत नाही. ऊस पसरून सरी झाकायला साधारण साडेतीन-चार महिने घेतो आणि तेवढ्याच काळात तण त्याचं नुकसान करतं, त्यानंतर उगवलेलं तण फारसं बाधत नाही. म्हणजे मोठ्या उसात शिरून भांगलणारे लोक पैसे चुकीच्या महिन्यात घालतायत.

सरीत उभं राहून बघा, नांग्या (ऊस न उगवलेल्या मोकळ्या जागा) किती पडल्यात. जिथं नांगी तिथं उजेड आणि जिथं उजेड तिथं तण, म्हणून लागणीनंतर महिन्याभरात रोपं लावून नांग्या भरणं हा मी तणाचाच इलाज मानतो. साडेचार-पाच फुटाची सरी असली तर मधली मोकळी जागा आंतरपिकानं झाका, हंगामाप्रमाणं भुईमूग, सोयाबीन, हरभरा, मेथी, कोथिंबीर. ठिबक असलं तर सरीचा मधला भाग कोरडा राहतो आणि तण आपोआप निम्म्यावर येतं.

खोडव्यात (तोडलेल्या बुडख्यातनं परत फुटलेल्या उसात) पाचट पेटवू नका. सरीत दाबून बसवा, बुडखे जमिनीलगत छाटा, आणि कुजायला हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू द्या. बऱ्याच तणांच्या बारक्या बियांना उगवायला उजेडाचा इशारा लागतो, पाचटाखाली तो मिळत नाही, म्हणून हंगामी तण एकदम खाली येतं. पण खोटं सांगणार नाही, लव्हाळा आणि हराळी पाचटातनं वर येतात. लव्हाळ्याचं टोक तर पातळ प्लास्टिकलासुद्धा भोक पाडतं, त्यामुळं मल्चिंग पेपर घातला म्हणजे लव्हाळा गेला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पेरायच्या आधी तणाला उगवू द्या

रान तयार करून झालं की लगेच पेरायची घाई असते. त्याऐवजी एक पाणी द्या किंवा वळवाचा एक पाऊस घ्या, आठ-दहा दिवसात वरच्या थरातलं तण हिरवं होईल, मग कुळवाची पाळी एकदम वरवरची, दोन इंचाच्या वर नाही, आणि मग पेरा. खोल गेलात की खालचं जुनं बी वर येऊन सगळं पाणी वाया. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या रानात भात पेरणं) करणाऱ्यांना हे जमत नाही, भात आणि तण बरोबरच उगवतात, म्हणून राधानगरी-शाहूवाडीकडं पहिली कोळपणी लांबली की वर्षाचं गणित बिघडतं. ज्या वावरात दरसाल तण जास्त होतं तिथं धूळवाफ सोडून एकदा तरवा (भाताच्या रोपांचा वाफा) टाकून चिखलात रोप लावा आणि बांधात पाणी धरा, तण तुमच्या डोळ्यासमोर कमी होईल.

लव्हाळा-हराळी रानभर असली तर

हे सगळ्यात जड काम, एका हंगामात होत नाही, कुणी होतं म्हणालं तरी ऐकू नका. ऊस, खोडवा, निडवा (खोडव्यानंतर परत फुटलेला ऊस) संपला की परत ऊस लावू नका. मार्च-एप्रिलमध्ये रान पूर्ण कोरडं असताना नांगरट करा, फाळाचा नांगर, रोटर नाही, आणि ढेकळं तशीच तापू द्या. गाठ कोरडी पडली की मरते, ओल राहिली तर मरत नाही, म्हणून पाणी देऊन नांगरलेल्या रानात याचा काय उपयोग नाही. वर आलेल्या हराळीच्या काशा (जमिनीतल्या कांड्या) वेचून बाहेर काढा, बांधावर टाकू नका.

पावसाला एकरी २० ते २५ किलो ताग दाट पेरा. तो पटकन उंच होऊन सावली करतो, फुलावर आला की, म्हणजे साधारण ४५-५० दिवसात, गाडून टाका. त्यानंतर हरभरा किंवा भुईमूग. यात मध्ये मध्ये लव्हाळा दिसेल, तो दर दोन-तीन आठवड्याला काढत राहायचा. पानं वर आल्यापासनं तीन-चार आठवड्यात तो नवीन गाठी धरायला लागतो, त्याच्या आत कापला तर जुन्या गाठीतली शिदोरी संपत जाते आणि नवीन भर पडत नाही. महिन्यातनं एकदा भांगललं तर तुम्ही त्याला वाढायला वेळ देताय. तेवढ्याच मजुरीत नुसतं भांगलणीची वेळ बदलून फरक पडलेला मी बघितलाय.

शेजाऱ्याशिवाय हे अर्धवटच

एकाच पाटावर, एकाच ओढ्यावर दहा जणांची रानं असतात. वरचा एक जण गाजरगवत बी धरेपर्यंत ठेवतो आणि खालचे नऊ भांगलतात. पाणीपुरवठा संस्थेची पावसाआधीची बैठक असते तिथंच हा विषय काढा, पाट आणि ओढ्याच्या कडा फुलायच्या आत एका आठवड्यात सगळ्यांनी मिळून कापायच्या, पैऱ्यानं (एकमेकांच्या कामाला जाऊन). जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडनं दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागरूकता सप्ताह असतो, पण आपल्याकडं पाऊस लवकर लागतो म्हणून पहिली फेरी जुलैतच घ्या. ज्यांची रानं २००५, २०१९, २०२१ च्या पुरात गेली त्यांनी तर पाणी ओसरल्यावर पहिले दोन महिने गाळाच्या पट्ट्यावर नजर ठेवायचीच, नवीन तण तिथंच पहिल्यांदा दिसतं आणि तेव्हा ते एका पाटीत मावतं.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

बुडात पांढरी-जांभळी फुलं दिसली तर तो टारफुला. तो पिकाच्या मुळावर जगतो आणि वर दिसायच्या आधीच जमिनीखाली नुकसान झालेलं असतं. बी धुळीसारखं, जमिनीत दहा-दहा वर्षं टिकतं. कागल-निपाणी पट्ट्यात तंबाखूच्या बुडात येतो तो बंबाखूबी तसाच, वांगी-टोमॅटोवरबी चढतो. फुलं दिसली की बी धरायच्या आत उपटून जाळून टाका, बांधावर टाकलेल्या झाडातबी बी पिकतं. मग स्वतःच्या मनानं औषध न मारता कृषी विज्ञान केंद्रात जावा. टारफुल्याला फसवणारी पिकं असतात, सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल, कापूस, यांच्या मुळांमुळं त्याचं बी उगवतं आणि यजमान (ज्याच्या मुळावर जगायचं ते पीक) न मिळाल्यानं मरतं, पण किती वर्षं कुठली फेरपालट घ्यायची हे रान बघूनच ठरतं.

तणनाशक मारावंच लागणार असं वाटलं तरी दुकानदाराच्या सांगण्यावर दोन-तीन डबे मिसळू नका. तणाची जात, पिकाचं वय आणि पुढचं पीक सांगून कृषी सहायकाचा सल्ला घ्या, काही औषधं जमिनीत राहून पुढच्या कडधान्याला, भाजीला मारतात. टू-फोर-डी या तणनाशकाची फवारणी वाऱ्यानं शेजारच्या द्राक्षावर, टोमॅटोवर, वेलवर्गावर गेली की पानं पिळवटतात आणि भांडण कोर्टापर्यंत जातं. ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांनीच करायची असा केंद्राचा आदेश २०२२ मध्ये निघाला, तेबी लक्षात असू द्या. फवारताना मळमळ, गरगर, घाम सुटला तर काम तिथंच सोडा, कपडे काढून अंग धुवा आणि डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. गाजरगवतानं अंगावर चट्टे उठून जात नसतील तर त्वचेचे डॉक्टर, घरगुती लेप नको.

पांढरे क्षार वर आलेत, पाणी हटत नाही आणि तिथं पीक सोडून तणच येतंय, हे शिरोळ तालुक्यात बऱ्याच ठिकाणी आहे, तर ती तणाची तक्रारच नाही. माती-पाणी तपासा आणि निचऱ्याची पाईप टाकणाऱ्या जाणकाराला बोलवा.

आणि जायच्या आधी बरोबर काय न्यायचं ते लिहून ठेवा: मुळासकट, शक्यतो फुलासकट एक झाड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, रानाचा तो खुणा केलेला कागद, मागच्या तीन वर्षांची पिकं, आणि आधी मारलेल्या औषधांचे डबे किंवा बिलं. कोल्हापुरात शेंडा पार्कच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा शेती महाविद्यालयात जाणं जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलतात.